धावदोऱ्याची नक्षी

गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून, हातशिलाईच्या जवळजवळच्या ओळींनी एकजीव केलेले अंथरूण किंवा पांघरूण. या व्याख्येत कापड आहे, थर आहेत आणि टाका आहे. सजावटीचा उल्लेख मात्र नाही, आणि तो नसणेच योग्य आहे, कारण गोधडीवर दिसणारी बहुतेक नक्षी ही थर धरून ठेवण्यासाठी आणि कापड पुरवण्यासाठी केलेल्या कामातूनच उमटलेली असते. ठिगळांचे चौकोन येतात ते एकसंध कापड हाताशी नसल्यामुळे. भोवतीची रंगीत चौकट येते ती कडा सर्वांत आधी झिजतात म्हणून तेथे लुगड्याचा घट्ट विणीचा काठ लावल्यामुळे. आणि अंगभर पाण्याच्या लहरींसारख्या ज्या बारीक चुण्या दिसतात, त्या धावदोऱ्याने कापड किंचित आवळले गेल्यामुळे पडलेल्या असतात. छंद म्हणून घरी शोभिवंत गोधडी शिवू पाहणाऱ्याने हा क्रम उलटा करू नये. आधी टाका, मग थर, आणि त्यानंतर रंग व आकृती असा विचार केला, तर हातून घडणारी वस्तू भिंतीवर टांगण्याइतकी देखणी होते आणि रोज अंगावर घेण्याइतकी टिकाऊही राहते.

या वस्तूला महाराष्ट्रात एकच नाव नाही. ‘गोधडी’ हा शब्द सर्वत्र समजतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला ‘वाकळ’ अधिक ऐकू येतो, वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होण्याच्या सवयीने त्याचाच ‘वाकय’ होतो, आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात हीच वस्तू ‘कौदी’ म्हणून ओळखली जाते. तान्ह्या बाळासाठी शिवलेले लहान, दोन-तीन थरांचे पांघरूण ते दुपटे. पिंजलेला कापूस दोन कापडांमध्ये भरून शिवतात ती रजई किंवा दुलई होय, आणि तिचा व गोधडीचा फरक येथेच आहे, कारण गोधडीत वेगळे भरण नसते, कापडावर कापड हेच तिचे भरण. घोंगडी तर याहून निराळी; ती मेंढीच्या लोकरीची असते आणि मागावर विणली जाते, शिवली जात नाही. ठिगळे जोडून केलेल्या वस्त्राला संस्कृतात ‘कंथा’ असे नाव आहे. कंथा हे नाथपंथी जोग्याच्या वेषाचे एक अंग मानले गेले, आणि अलीकडच्या काळात गाडगेबाबांनी (1876–1956) चिंध्यांचा पोशाख आयुष्यभर अंगावर वागवला. घरातल्या बाईने काटकसर म्हणून जोडलेले ठिगळ आणि विरक्ताने जाणूनबुजून पत्करलेले ठिगळ, या दोन्हींना मराठी मनात सारखाच मान मिळाला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

गोधडी ऊब देते ती हवेच्या बळावर. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे, त्यामुळे कापडाच्या दोन थरांमध्ये हवेचा पातळ पडदा अडकून राहिला की अंगातली उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी होतो; थर जितके अधिक, तितके पडदेही अधिक. परंतु थर नुसते एकावर एक पसरले तर झोपेत कूस बदलताच ते सरकतात, गोळा होतात आणि मधली हवा निघून जाते. थर जागच्या जागी धरणे हे टाक्याचे पहिले काम. दुसरे काम पहिल्या धुण्यानंतर दिसते: सुती दोरा आणि कापड निरनिराळ्या प्रमाणात आटतात, दोन टाक्यांमधले कापड किंचित वर उचलले जाते आणि असंख्य बारीक फुगवटे तयार होतात, ज्यांत आणखी थोडी हवा मावते. नवी गोधडी सपाट आणि काहीशी ताठ वाटते, तर चार धुण्यांनंतरची अंगाला बिलगते, याचे कारण हे आहे.

जुन्या कापडाचा आग्रह केवळ गरिबीतून आलेला नाही. नव्या सुती कापडावर खळ असते, म्हणजे विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला दिलेले पिठुळ लेपण; ती अनेक धुण्यांत निघून जाते, धाग्यातले आखूड, टोचणारे तंतू झडतात, कापड जितके आटायचे तितके आटून चुकलेले असते आणि सुटणारा रंगही सुटून गेलेला असतो. शिवाय मऊ कापडातून सुई सहज जाते, आणि सहा-सात थर एकदम शिवायचे असतात तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते.

गोधडीचे माप कोठून आले, हे लुगड्याच्या हिशेबावरून चांगले समजते. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांबीचे आणि साधारण 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट पन्ह्याचे कापड. पन्हा म्हणजे विणलेल्या कापडाची रुंदी. त्याचे लांबीत चार सारखे भाग केले की प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो, आणि असे दोन भाग काठाला काठ लावून जोडले की पावणेसात बाय साडेसात फुटांचा, दोघांना पुरेल असा एक थर मिळतो. एका लुगड्यात असे दोन थर निघतात, एक वरचा आणि एक खालचा, आणि मध्ये धोतर, चादर, फाटलेले सदरे असे जे मिळेल ते पसरता येते. पाचवारी साडी, नावात पाच वार असले तरी, साधारण अठरा फुटांची असते; तिचे तीन भाग केले तर सहा बाय पावणेचार फुटांचे, एकट्या माणसाच्या गोधडीचे तीन थर होतात. म्हणजे एका साडीत एक हलकी, उन्हाळी गोधडी कातरणाचा तुकडाही वाया न घालवता पुरी होते. नवशिक्याने पहिली गोधडी याच पद्धतीची करावी हे उत्तम, कारण तीत जोडकाम जवळजवळ नसते आणि सगळे लक्ष टाक्याकडे देता येते.

कापड निवडताना आजच्या काळात एक अडचण उभी राहते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. घरोघरीच्या कपाटांत आता सुती साड्यांपेक्षा कृत्रिम धाग्यांच्या साड्या अधिक असतात, आणि त्याच गोधडीत जातात. असे कापड झिजत नाही, रंग सोडत नाही, फुकट मिळते, म्हणून मोह होतो. परंतु ते घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, टाका घट्ट बसत नाही, आणि तयार झालेली वस्तू दिसायला चकचकीत असली तरी अंगावर घेतल्यावर गुदमरवते. मिश्र धाग्याचे कापड ओळखायचे असेल तर कडेचा एक धागा ओढून काळजीपूर्वक जाळून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. कृत्रिम साडीचा एखादा सुंदर काठ वापरायचाच असेल तर तो केवळ वरच्या थरावर, पट्टीच्या रूपात घ्यावा. अंगाला लागणारा थर आणि आतले थर सुतीच असावेत.

घरात जुने कापड पुरेसे नसेल तर शिंप्याकडची कातरणे, म्हणजे कपडे बेतताना उरलेले तुकडे, हा हक्काचा साठा आहे. पण तेथे जाडपातळ कापडांची सरमिसळ असते आणि ती निवडून वेगळी करावी लागते. शेजारी शेजारी लावलेल्या दोन तुकड्यांपैकी एक जाड आणि एक विरळ असला, तर जाड तुकडा विरळ तुकड्याला शिवणीपाशी ओढतो आणि काही महिन्यांत विरळ तुकडा तेथेच फाटतो. नवे कापड वापरायचे असल्यास ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. लाल, मरून, गडद निळा आणि काळा या रंगांची परीक्षा वेगळी घ्यावी: कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरावा, डाग उमटला तर कापड पुन्हा धुवावे, आणि तरीही उमटत राहिला तर ते बाजूला ठेवावे, कारण अशा एका तुकड्याने महिनाभराचे काम पहिल्याच धुण्यात बिघडते.

तुकडे कापताना कापडाची दिशा सांभाळावी लागते. विणीत लांबीच्या दिशेने जाणारे उभे धागे म्हणजे ताणा आणि रुंदीच्या दिशेने जाणारे आडवे धागे म्हणजे बाणा. या दोन्ही दिशांना कापड फारसे ताणले जात नाही, तिरके ओढले मात्र रबरासारखे लांबते. चौकोनाच्या चारही बाजू ताण्याबाण्याला समांतर राहतील असे तुकडे कापले तर गोधडी चौरस राहते. तिरक्या कापलेल्या तुकड्यांची गोधडी कितीही नेटाने शिवली तरी एका कोपऱ्यात फुगते आणि दुसऱ्यात आखडते. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच कापड जादा धरावे. चार इंचांचा चौकोन दिसायला हवा असेल तर साडेचार इंचांचा कापावा, आणि सहा फूट बाय चार फूट गोधडीसाठी असे लांबीत अठरा व रुंदीत बारा, म्हणजे 216 चौकोन लागतील. हा आकडा पाहून दबून जाण्याचे कारण नाही. आठ इंचांचे चौकोन घेतले तर संख्या 54 वर येते आणि गोधडीच्या सौंदर्यात काही उणे पडत नाही.

त्रिकोणांची नक्षी फार जुनी आणि फार लोकप्रिय आहे, पण त्रिकोणाची तिरकी बाजू ताणली जाते, म्हणून सुटे त्रिकोण कापून जोडण्याऐवजी एक युक्ती करावी. एक गडद आणि एक फिका असे सारख्या मापाचे दोन चौकोन सुलटी बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवावेत, वरच्यावर कर्णरेषा आखावी, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घालावी आणि मग रेषेवर कापावे. उलगडल्यावर अर्धे गडद, अर्धे फिके असे दोन चौकोन हाती येतात आणि तिरकी बाजू कापण्याआधीच शिवून झालेली असल्यामुळे ताणली जात नाही. मूळ चौकोन हव्या त्या मापापेक्षा एक इंच मोठे घ्यावेत आणि शेवटी पाव इंचाची शिवण धरून छाटून सारखे करावेत. अशा तुकड्यांतून भिंगरी, बाण, शंकरपाळे, पायऱ्या अशा कितीतरी आकृती केवळ तुकडे फिरवून मांडल्याने तयार होतात. शिवण्याआधी सगळे तुकडे जमिनीवर पसरून, एक-दोन दिवस तसेच ठेवून, येता-जाता पाहावेत. रंग कोणते घ्यावेत याची नवशिक्याला फार काळजी असते, पण नक्षी उठून दिसते ती रंगभेदापेक्षा गडद-फिक्याच्या भेदाने. लाल आणि हिरवा हे डोळ्याला कितीही वेगळे भासले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर दुरून आकृती विरून जाते. मोबाइलवर मांडणीचे कृष्णधवल छायाचित्र घेतले की ही चूक तत्काळ कळते.

थर मांडण्याचे काम जमिनीवर, स्वच्छ आणि सपाट जागी करावे. गावाकडे ते अंगणात किंवा ओसरीवर होते आणि बहुधा उन्हाळ्यात, शेतातली कामे उरकल्यावर. खालचे अस्तर, म्हणजे अंगाला लागणारा थर, उलटी बाजू वर ठेवून पसरावे आणि ते वरच्या थरापेक्षा चारही बाजूंना दोन-दोन इंच मोठे असावे. त्यावर आतले थर. आतल्या थरांत जोड येत असतील तर एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येऊ देऊ नये, नाहीतर तेथे उंचवटा तयार होतो आणि पाठीला टोचतो; जुन्या कपड्यांच्या शिवणी, खिसे, गुंड्या आधीच उसवून टाकाव्यात. सर्वांत वर नक्षीचा थर. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने निपटून सुरकुती घालवावी आणि मग कच्चे टाके घालावेत, म्हणजे तीन-चार इंच लांबीचे, पुढे काढून टाकायचे ढिले टाके. हे टाके मध्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने जावेत. पुष्कळ जण या टप्प्याचा कंटाळा करून टाचण्यांवर भागवतात, आणि मग अर्धी गोधडी शिवून झाल्यावर मागचे अस्तर दुमडलेले आढळते.

आता मुख्य काम. धावदोरा म्हणजे सुई वर-खाली करत पुढे नेत घातलेला, दोन्ही बाजूंनी तुटक रेघ दिसणारा सर्वांत साधा टाका. गोधडीसाठी लांब, बारीक पण न वाकणारी सुई घ्यावी. दाभण पोत्यांसाठी असतो, त्याने कापडाला भोके पडतात. दोरा सुती आणि जाड असावा आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे पीळ सुटत नाही व गुंता होत नाही. एका वेळी हातभर ते दोन हात इतकाच दोरा ओवावा, कारण अधिक लांब दोरा प्रत्येक टाक्याला सगळ्या थरांतून घासून जातो आणि शेवटी शेवटी झिरझिरीत होतो. मधल्या बोटावर अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलण्यासाठी बोटाच्या टोकावर चढवायची धातूची टोपी, जरूर असावी. सुरुवातीची गाठ ओढून दोन थरांच्या मध्ये लपवावी. सुईने एका दमात तीन-चार टाके उचलावेत आणि मग दोरा ओढावा. एकेक टाका घेतल्यास वेळही अधिक लागतो आणि रेघही वाकडी होते.

श्रमाचा अंदाज आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. गोधडी 180 सेंटिमीटर लांब व 120 सेंटिमीटर रुंद धरली आणि लांबीच्या दिशेने दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घातल्या, तर साठ ओळी होतात आणि त्यांची एकूण लांबी 108 मीटर भरते. टाका आणि मधली मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरल्यास सुमारे 10,800 टाके पडतात. मिनिटाला दहा टाके या वेगाने हे केवळ शिवणकामच अठरा तासांचे आहे, आणि जाडीतून वर-खाली जाण्यात लागणारी वाढ धरता दोरा 130–140 मीटर तरी हवा. रोज तासभर बसणाऱ्याला तीन आठवडे पुरतील. पावलापावलाने पुढे जाणारे हे काम घाईला दाद देत नाही, पण कुठेही थांबवता येते आणि कुठूनही पुन्हा उचलता येते, म्हणूनच ते पूर्वी स्वयंपाक, पोरेबाळे आणि गुरेढोरे सांभाळत होऊ शकले आणि आजही नोकरी सांभाळून होते.

ओळी कशा घालाव्यात याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकात सरळ समांतर ओळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. दुसऱ्यात कडेपासून आरंभ करून चारही बाजूंना समांतर असे चौकोनी फेरे आत-आत घेत मध्यापर्यंत येतात, त्यामुळे टाक्यांचीच एक मोठी चौकट, तीत दुसरी, तिच्यात तिसरी असे रूप दिसते. जमिनीवर बसून, गोधडीचा एक भाग मांडीवर घेऊन शिवणारीला हा दुसरा मार्ग सोयीचा पडतो, कारण कडा आधीच बंद होतात, सुट्या राहून पायात येत नाहीत. मात्र फेरे आत जाताना कापड मध्याकडे ढकलले जाते आणि मधोमध फुगवटा राहण्याचा धोका असतो, म्हणून कच्च्या टाक्यांचे महत्त्व येथे दुप्पट आहे. दोऱ्याचा रंग कापडाशी मिळता घ्यावा की उठून दिसणारा, हा आवडीचा प्रश्न होय. पण ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने पांढरा दोरा आणि गडद अस्तर ही जोडी टाळावी.

हाच धावदोरा भारतात इतरत्र कोणत्या उंचीला पोहोचला, हे पाहिल्याशिवाय गोधडीचे वेगळेपण ध्यानात येत नाही. बंगालमधील नक्षी काँथा जुन्या साड्या-धोतरांच्या थरांचीच असते, पण तिचा पृष्ठभाग बहुधा पांढरा असतो आणि त्यावर रंगीत दोऱ्याने कमळ, वेली, हत्ती, रथ, माणसे काढली जातात. दोराही पुष्कळदा जुन्या साडीच्या काठातून उसवून घेतलेला असे. कवी जसीमुद्दीन यांचे ‘नकशी काँथार माठ’ हे 1929 सालचे दीर्घकाव्य या वस्तूचे नाव घेऊनच उभे आहे, आणि कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयात जुन्या काँथांचा मोठा संग्रह जपलेला आहे. बंगाली स्त्री दोऱ्याने चित्र काढते, तर मराठी गोधडीत चित्र येते ते तुकड्यांतून, आणि दोरा त्यावरून समांतर चालत राहतो. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. पण गोधडीवर काँथासारखी भरतकामाची वेलबुट्टी चढवण्याचा जो प्रयत्न हल्ली दिसतो, त्यात बहुधा दोन्हींचे सत्त्व हरवते, कारण रंगीबेरंगी तुकड्यांवर रंगीत वेल दिसतच नाही.

महाराष्ट्राच्या अधिक जवळची आणि हौशी कारागिराने मुद्दाम अभ्यासावी अशी परंपरा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची आहे. सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे लोक. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यातून गुलामगिरी झुगारून घाटावरच्या जंगलात आश्रयाला आले, आणि त्यांची बोली आजही कोकणीशी नाते सांगणारी आहे. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांचे सिद्दी तेथे राहतात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. ती करताना आधी तुकडे जोडून वरचा थर तयार करण्याची पद्धतच नाही: अस्तर म्हणून साडी पसरली जाते, एका कोपऱ्यापासून आरंभ होतो, हाताला येईल तो तुकडा कडा आत दुमडून ठेवला जातो आणि त्यावरून धावदोरा पुढे जातो, पुढचा तुकडा पहिल्याच्या कडेवर किंचित चढवला जातो, आणि असे फेऱ्याफेऱ्याने मध्यापर्यंत येईतो जोडणे आणि शिवणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात पुरी होतात. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुले’ असे नाव आहे, आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानले जात नाही. ख्रिस्ती घरांतल्या कवंदीवर क्रूस आणि मुसलमान घरांतल्या कवंदीवर चंद्रकोर आढळते. अमेरिकी कला-अभ्यासक हेन्री ड्र्युअल यांनी या कामाकडे लक्ष वेधले आणि 2004 साली सिद्दी स्त्रियांची एक सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हापासून कवंदी दूरवरच्या प्रदर्शनांपर्यंत पोहोचली आहे.

मापाच्या पट्टीशिवाय, आधी आराखडा न काढता केलेल्या या कामात जो डौल असतो, तो मोजून-मापून केलेल्या कामात क्वचित आढळतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतील आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या गोधड्यांबाबतही हेच म्हणता येईल. कामाच्या जुन्या कपड्यांतून, शेतमजुरीच्या दारिद्र्यात शिवल्या गेलेल्या त्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, पुढे अन्य शहरांत गेल्या, आणि 2006 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. शिवणारीचा डोळा तयार असेल तर वाकडी रेघ ही चूक राहत नाही, हे या दोन्ही परंपरा दाखवून देतात. मात्र डोळा तयार होतो तो पुष्कळ सरळ रेघा घातल्यानंतरच.

शिलाई यंत्राविषयी थोडक्यात. तुकडे एकमेकांना जोडण्याच्या शिवणी यंत्रावर घालण्यास हरकत नाही. त्या घट्ट येतात आणि दिसतही नाहीत. थर एकत्र शिवण्याचे काम मात्र यंत्रावर केले की ओळ अखंड आणि ताठ होते, चुण्या वेगळ्या पडतात आणि गोधडीचा मऊपणा कमी होतो. ज्यांना हाताने एवढे शिवणे प्रकृतीमुळे किंवा वेळेमुळे शक्य नाही त्यांनी यंत्र अवश्य वापरावे, पण ओळींमधले अंतर वाढवून ठेवावे.

पहिल्या कामासाठी दुपट्याइतके योग्य दुसरे काही नाही. तीन फूट बाय तीन फूट, वर-खाली जुनी मऊ साडी आणि मध्ये एखादे मलमलीचे धोतर, इतक्यात ते होते, आणि हाताला टाक्याची सवय लागते. बाळंतविड्यात, म्हणजे बाळ-बाळंतिणीसाठी पाठवायच्या कपड्यांच्या संचात, झबले, टोपडे, कुंची यांच्या जोडीला दुपटे असते, आणि ते आजीच्या वापरातल्या साडीचे असावे असा रिवाज अनेक घरांत आहे. नवजात त्वचेला वापरून मऊ झालेले सुती कापडच मानवते, तेव्हा या रिवाजामागे मायेइतकेच व्यवहारज्ञानही आहे. दुपट्यावर आरसे, टिकल्या, मणी, जर यांपैकी काहीही लावू नये. गाठीदेखील आत लपवाव्यात आणि सुटा दोरा कोठेही राहू देऊ नये. मोठ्या माणसांच्या गोधडीवरही आरसे फक्त भिंतीवर टांगायच्या कामातच शोभतात.

गोधडी पुरी झाली की कच्चे टाके काढून, जादा राखलेले अस्तर वर दुमडून, तुरपाई करून कड बंद करावी; किंवा लुगड्याचा काठ उसवून तो चारही बाजूंना पट्टीसारखा लावावा. कोपऱ्यावर काठ कापून जोडण्याऐवजी तिरका दुमडून वळवला तर नक्षी तुटत नाही आणि कोपरा मजबूत होतो. पहिले धुणे गार पाण्यात, सौम्य साबणाने आणि हाताने करावे. नवरात्राआधी, घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची जी पद्धत महाराष्ट्राच्या खेड्यांत आहे, तिच्यात गोधड्यांच्या दृष्टीने मोठी सोय होती: पाऊस सरत आलेला, नदीला भरपूर वाहते पाणी आणि वाळवायला ऊन. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते. घरी यंत्रात धुताना हे वजन ध्यानात ठेवावे, पिळण्याचा वेग कमी ठेवावा आणि दोरीवर एका रेषेवर लोंबत न ठेवता सपाट किंवा दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती कोंडून ठेवू नये, दमटपणाने कापड कुजते. चळतीत ठेवताना दर दोन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड विरते.

काही वर्षांनी वरचा थर ठिकठिकाणी उघडा पडू लागतो, बहुधा आधी मानेपाशी आणि पायांपाशी. तेथे त्याच जाडीच्या जुन्याच कापडाचे ठिगळ लावावे; नवे, घट्ट कापड भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते. ठिगळे वाढत गेली की सगळ्या गोधडीवर दोन्ही बाजूंनी नवे थर चढवून ती पुन्हा शिवतात, आणि म्हणून जुन्या घरांतली एखादी जाड वाकळ उसवली तर आत दुसरी, आधीच्या पिढीच्या लुगड्यांची वाकळ सापडते. अशी जुनी गोधडी पोटात घेऊन नवी शिवताना सुई फार जड जाते, तेव्हा टाका लांब घ्यावा, ओळी तीन-तीन बोटांच्या अंतरावर ठेवाव्यात आणि आतल्या जुन्या ओळींवरून शक्यतो न जाता दोन ओळींच्या मधून नवी ओळ न्यावी.